मजुरा गेटचा फॉर्म

४ जून १९९६
आयटीआय, आयटीआय, आयटीआय! कान किटले माझे. ह्यांच्या लूमच्या खात्यातली मोटर बंद पडली, वायरमन आला, दहा मिनिटं पेचकस फिरवला आणि शेटकडून पन्नास रुपये घेऊन गेला. ह्यांना आठ लूम सांभाळून बारा तासांत सत्तर सुटतात. तेव्हापासून डोक्यात भूत. चहा तसाच, आणि — "मी बी इलेक्ट्रिशियन व्हसू. दोनच वरिसना सवाल शे!"
दोनच म्हणे! दोन वर्षं खायचं काय, वायरी?

६ जून
साड्यांना टिकल्या चिकटवत बसले, पण लक्ष लागेना. तीन टिकल्या उलट्या लागल्या. महिन्याचे अठराशे बंद म्हणजे दोन वर्षांचे त्रेचाळीस हजार दोनशे! फी फार नाही म्हणतात. पण खोलीभाडं चारशे, गावी सासऱ्यांना तीनशे, ते कोण देणार? आणि हे बोलतात असं की उद्याच टेस्टर खिशाला लावून निघणार.

८ जून
शेजारच्या इंदुबाईंचा भाचा किरण सुरतबाहेर सचिन गावी कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. आज आला होता, त्याला धरलंच. आठ तास ड्युटी, रविवारी सुट्टी, बत्तीसशे पगार! माझे डोळे चमकले असणार, कारण लगेच म्हणाला, "पण भाभी, माझ्याबरोबरचे चार जण अजून इच्छापोरला ठेकेदाराकडे रोजावर आहेत. बोलावलं तर काम."
म्हणजे बत्तीसशे मिळाले तर गेलेला पैसा भरून निघायला अडीच वर्षं. शिकायची दोन धरून साडेचार. तेव्हा कुठे आज आहोत तिथे येणार! आणि ठेकेदार वाट्याला आला तर? कधीच नाही.

९ जून
भांडण झालं. मी सरळ म्हटलं, जमणार नाही.
"एक पाळी उभी राहून दाखव," म्हणाले. लूमच्या खडखडाटानं ह्यांना आताच कमी ऐकू येतं. वय तेवीस! मी हळू बोलले की "काय?" म्हणून डावा कान पुढे करतात आणि मी चिडते. आज ओरडूनच भांडले, म्हणजे सगळं ऐकू गेलं असेल. फार वाईट वाटतंय.

११ जून
ठरलं. जाऊ देत शिकायला! बांगड्या मोडू, इंदुबाईंकडून टिकल्यांचं जास्त काम घेऊ, एक वेळ खिचडी खाऊ. त्या कानांपुढे त्रेचाळीस हजार काय घेऊन बसायचे?
सकाळी रातपाळीहून आले तसं सांगितलं, "भरा फॉर्म." वाटलं, नाचतील. तर पायातली चप्पलही काढेनात. "बघू," म्हणाले. बघू काय बघू!

१३ जून
पंचवीस तारीख शेवटची. किरणनं मजुरा गेटच्या आयटीआयतून फॉर्म आणून दिला, तो कपाटावर पडून आहे. दहावीची मार्कशीट लागते.
"गावमा शे."
मग पत्र टाका.
"टाकस ना."
काही टाकत नाहीत. शेवटी मीच दिराला पत्र लिहिलं आणि पारोळ्याला निघालेल्या माणसाच्या हाती दिलं. असा कसा हा माणूस? आधी जीव खायचा, हो म्हटलं की तोंड फिरवायचं!

१७ जून
दीर आला, योगेंद्र. पिशवीत बाजरीचं पीठ, कैऱ्या, सगळं. मार्कशीट कुठे, विचारलं तर हसला. "वहिनी, दादानी कसानी मार्कशीट? तो ते गणितमा दोनदा उडना!" आणि मग माझं तोंड बघून कैऱ्या मोजायला लागला.
सुपारी फुटली तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं, पोरगा दहावी पास, सुरतला खात्यात. त्या 'पास'साठी माझ्या आबांनी पाच हजार हुंडा जास्त मोजला! दोन एकर कापसाचा पैसा. आबांना काय लिहू?
रात्री विचारलं, मग आयटीआयचं नाटक कशाला? खाली मान घालून म्हणाले, "नाटक नाही. खरंच जावंसं वाटतं. पण माहीत होतं, तू नाहीच म्हणशील. मग मनातल्या मनात तरी म्हणता आलं असतं, बायकोमुळे राहिलं."
म्हणजे माझा नकार हवा होता! आणि मी येडी हो म्हणून बसले.

१८ जून
बोलत नाही.

२० जून
आजही नाही. ताट वाढते, सरकवते. ते जेवतात. योगेंद्र बिचारा दोघांकडे बघून कालच पळाला. दोनदा वाटलं, माहेरी निघून जावं. पण कुठल्या तोंडानं?

२२ जून
रातपाळी करून आले आणि न झोपता कपाटावरचा फॉर्म घेऊन बसले. गुजराती अक्षरं एकेक करून काढत होते. म्हटलं बसू दे, नापास माणसाचा फॉर्म कोण घेतो! तासाभरानं माझ्यापुढे सरकवला. ट्रेड — इलेक्ट्रिशियन. नाव — माझं.
"तुनी दहावी ते खरी शे ना," म्हणाले. "मना पगार चालूच ऱ्हाई."
हीच वही उघडली आणि माझी दोन वर्षं मांडली. टिकल्यांचे महिन्याला अडीचशे. सहा हजार. फक्त सहा हजार!
राग गेलेला नाही. सही केली.