बाटलीत घातलेलं पाणी

प्रिय चिमणे,

हे फोनवर बोलायला घेतलं असतं तर तू मधेच 'ताई, काहीतरीच काय' म्हणाली असतीस आणि मी गप्प बसले असते. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच. आणि वाचून होईपर्यंत वॉर्डातल्या त्या हिरव्या बाटलीला हात लावू नकोस.

आमच्या शुद्धीकरण केंद्रातली सांडपाण्याची मोठी टाकी तुला दाखवली होती, आठवतं? नाकाला रुमाल लावून तू म्हणालीस, या घाणीकडे इतक्या मायेनं कशी बघतेस. त्या तपकिरी पाण्यातले जंतू अख्ख्या शहराची घाण खातात, तेव्हा कुठे पाणी नदीत सोडण्याजोगं होतं. पंपवाले काका त्यांना 'ताईंची पोरं' म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी ही पोरं पटापट मरायला लागली. टाकीवर पांढरा फेस आला, बाहेर पडणारं पाणी गढूळ झालं. काका म्हणाले, पोरांनी अन्न टाकलंय, कुणीतरी विष कालवतंय. शोधत गेले तर तुमच्या इस्पितळाकडून येणाऱ्या पाण्यात फरशा-खाटा पुसायचं जंतुनाशक सापडलं. मी इस्पितळाला कळवायच्या तयारीत होते, तेवढ्यात तीन आठवड्यांत टाकी आपली आपण सावरली. जंतुनाशक येतच होतं, पोरं मात्र मजेत. जी तगली त्यांना आत शिरलेलं औषध बाहेर फेकायची युक्ती साधली होती. त्यांचीच पैदास वाढली, आणि ही युक्ती ती शेजाऱ्यालाही देतात. माझा जीव भांड्यात पडला. मी काकांना चहा पाजला. सरावली हो पोरं, म्हटलं. कौतुकानं म्हटलं, याची आता लाज वाटते.

मग तुझा फोन आला. ऑपरेशन झालेल्या तिघांच्या जखमा चिघळल्या. 'मी स्वतः उभी राहून सगळं पुसून घेते गं, तरी असं कसं,' म्हणून तू रडलीस. फोन ठेवला आणि टाकीतली ती सरावलेली पोरं डोळ्यांपुढून हलेनात.

गुरुवारी मी तुझा डबा घेऊन आले, ते निव्वळ डब्यासाठी नव्हतं. तू बोलत बोलत बाटली उचललीस. तळाशी चार बोटं औषध उरलं होतं. ती नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरलीस, हलवलीस, झाकण लावलंस आणि म्हणालीस, 'झालं, अजून आठवडा जाईल.' मेट्रनबाईंनी तुला हाक मारली तेव्हा मी पर्समधल्या नमुन्याच्या कुपीत त्यातलं थोडं ओतून घेतलं. तुझ्या पाठीमागे, चोरासारखं. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीत ते घातलं आणि दोन दिवसांनी पाहिलं, तर जिथे काहीच उगवायला नको तिथे ठिपकेच ठिपके. जंतुनाशकाच्या बाटलीत जंतू सुखानं नांदत होते. नेमून दिलेल्या मात्रेत औषध असतं तर मेले असते. त्या पातळ पाण्यात त्यांची नुसती तालीम होते. जखमा त्यानंच चिघळल्या असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नाही असंही म्हणता येत नाही.

'अजून आठवडा जाईल.' चिमणे, हे वाक्य तुझं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि घर माझ्या हातात आलं होतं. साबणाची बाटली संपत आली की मी तुला सांगायचे, पाणी घाल, हलव, अजून आठवडा जाईल. तू जिभेचं टोक बाहेर काढून दोन्ही हातांनी हलवायचीस. तीच सवय घेऊन तू मोठी झालीस. बाकीच्या वॉर्डांपेक्षा निम्म्या बाटल्या लागतात म्हणून मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली, ते तू मला किती आनंदानं सांगितलंस. मीही खूश झाले. आपल्याला वाया घालवणं कधी जमलंच नाही.

आता खरं सांगते. अहवाल लिहून झालाय. दोन दिवस तो माझ्या खणात पडून होता. काका म्हणाले, ताई, कागद उबवताय का? एकदा मी त्यातला वॉर्डाचा नंबर खोडला. मग काल तू सांगितलंस, सतरा नंबरच्या खाटेवरच्या आजींनाही ताप चढलाय. मी नंबर पुन्हा लिहिला आणि खाली सही केली. उद्या अकरा वाजता अहवाल आमच्या साहेबांकडे जाईल, तिथून तुमच्याकडे. त्याआधी मेट्रनबाईंना तुझ्या तोंडून कळायला हवं, म्हणून काकांच्या हाती हे पत्र पाठवतेय. नवी बाटली आजच मागव. कोण काय म्हणेल याचा विचार करू नकोस. उद्या नऊला मी वॉर्डाच्या दाराशी असेन, आणि हे तुला कुणी शिकवलं ते मीच त्यांना सांगेन. एवढं कर, घाबरून ती जुनी बाटली बेसिनमध्ये ओतू नकोस. ओतलीस तरी फिरून माझ्याकडेच येईल. झाकण घट्ट लाव आणि मी येईपर्यंत जवळ ठेव.

तुझीच,
बाटली हलवायला शिकवणारी
ताई