बिनतोटीचा नळ

रोम,
१५ मे २०१६

ती. आईस,
जय भीम.

जर्मनीहून वर्गातल्या मैत्रिणींसंगं दोन दिवस रोम बघायला आलेय. मी बरी हाय, टायमावर जेवते. पण या पोरींनी डोकं उठवलंय. एकीला फोटो पायजे, दुसरीला कॉफी पायजे, अन् मी सगळ्यांच्या पिशव्या धरून उभी.

त्यात हितले नळ! चौकाचौकात लोखंडी नळ, रातंदिस धो धो चालू. तोटीच न्हाई. मी एक नळ पुढून-मागून चाचपून बघितला. बंद कसा करायचा म्हणून एका म्हाताऱ्याला विचारलं, तर त्यानं उलट मलाच विचारलं, कावून? बंद कशाला करायचा?

शेवटी वैतागून नळाच्या तोंडावर तळहात दाबून धरला, आपण घागर बदलताना टँकरचा पाइप दाबतो तसा. तर वरल्या भोकातून चिळकांडी उडाली अन् सगळ्या भिजल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. "परत कर की!" म्हणून मागंच लागल्या. काय सांगावं या येड्यांना?

कारखान्याचा टँकर येतो का अजून? त्या रेटारेटीत तू शिरू नको, दादाला पाठव. कंबर कशी हाय? खरं सांग, बरी हाय म्हणून उडवून लावू नको.

हे कार्ड घ्यायलाबी लई फिरले. जिथं बघावं तिथं कारंज्याचंच चित्र. तू तर हे कार्ड टँकरच्या रांगेत समद्या बायांना दाखवशील. म्हणून शोधून शोधून मांजराचं घेतलं.

तुझी,
करुणा