दादाचा फळा

प्रिय दादा,

हे पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत ऐकून फाड. ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी आहे, म्हणजे वहिनीच वाचून दाखवत असणार. वहिनी, एकही ओळ गाळू नकोस, आणि हा उठून जायला लागला तर त्याच्या चपला लपव. दोन वर्षं झाली आपल्याला बोलून. शेजारचं मांजर दिसलं नाही तरी चारदा विचारपूस करणारी माणसं आपण, आणि एका पानापायी तोंडं फिरवून बसलोय.

ते पान मी लिहिलं, तेव्हा आधी त्याचंच बोलते. कॉलेजात शिकवते ते सगळं मी माझ्या त्या पुस्तकात ओतलं होतं. समाज पायऱ्या चढत जातो: आधी आपली माणसं, मग नियम, मग ज्याची त्याची कर्तबगारी, मग सगळ्यांना विचारून चालणं. निवडणुकीत भांडतात ते पक्ष नसतात, वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसं असतात. वरचा खालच्याला मागासलेला म्हणतो, खालचा वरच्याला वेडा. इथवर ठीक होतं. पण उदाहरण हवं होतं, आणि काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून तुलाच घेतलं. बस डेपोतला एक कारकून, बाबांच्या जुन्या दोस्ताला वर्षानुवर्षं सकाळचा सोपा रूट देतो, बाबांनी दिलं त्याच झेंड्याला मत देतो, अजून पहिल्याच पायरीवर आहे, असं लिहिलं. नाव नव्हतं, पण डेपोतल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी ओळखलं. तू पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत पाठवलंस, सोबत चिठ्ठीही नाही. मला वाटलं, खरं बोललेलं झोंबलं. केवढी शहाणी होते मी.

गेल्या आठवड्यात तू दवाखान्यात असताना वहिनीनेच फोन केला. म्हणाली, तुझ्या पायऱ्या बघायच्या असतील तर डेपोत जा. खरं सांगते, मी गेले ती पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला मसाला मिळेल म्हणून. कुणी कुठला रूट धरायचा ते दाखवणारा तुझा ड्यूटीचा फळा, ड्रायव्हरांचे पितळी बिल्ले अडकवायच्या खिळ्यांसकट, नव्या साहेबांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. ड्यूट्या कॉम्प्युटरवर, एकाच हिशेबाने: जो जास्त धावेल तो रूट निवडेल. पहिल्या दिवशी नुसती कुरकुर. दुसऱ्या दिवशी बाबांचे ते जुने दोस्त अपमान झाला म्हणून घरी निघून गेले. कलमकाका, ज्यांना नियमावली तोंडपाठ आहे, ते सेवाज्येष्ठतेचा अर्ज घेऊन सह्या गोळा करत फिरले. बायका ड्रायव्हर आम्हाला कुणी विचारलंच नाही म्हणून फाटकात बसल्या. तरुण पोरं साहेबांच्या बाजूने. निवडणूक तोंडावर, मग काय, दुपारपर्यंत फाटकावर चार झेंडे लागले. काल एका डब्यात जेवणारी माणसं एकमेकांकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी एकही बस हलली नाही.

तेव्हा तू आलास. एका डोळ्याला पट्टी, एक हात कठड्याला. मी कँटीनच्या खिडकीत होते, तुला दिसले नाही. चारही झेंड्यांखालून तू सरळ आत आलास. फळा सरळ केलास, खुर्ची घेतलीस आणि चाचपडत बिल्ले लावायला लागलास. साहेबांनीही अडवलं नाही, बस हलणं त्यांनाही हवंच होतं. मध्ये बाबांच्या दोस्तांना घरून बोलावून आणवलंस. अर्ध्या तासात पहिली बस फाटकाबाहेर पडली.

मग मी एकेकाला चहा पाजून विचारलं. कलमकाका म्हणाले, तुझा दादा सेवाज्येष्ठता सोडून इंचभर हलत नाही. एक तरुण ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की फळ्यावर फक्त काम बघतात. बायका हसून म्हणाल्या की त्यांच्या ओळीचे खिळे तू दर शनिवारी मोकळे ठेवतोस आणि बिल्ले त्या आपसात ठरवून लावतात. आणि बाबांचे दोस्त म्हणाले, पोरगं मोठ्यांचा मान ठेवतं. इतकी वर्षं प्रत्येकाला फळा आपल्याच रीतीने चालतो असं वाटतंय, आणि कुणाचंच चुकलेलं नाही. मी मात्र एक खिळा बघून अख्ख्या फळ्यावर पान लिहिलं. दादा, मला लाज वाटली, आणि तुझा फार अभिमान वाटला. नव्या आवृत्तीतून ते पान मी काढून टाकलंय.

तुझा झेंडा मला अजूनही पटत नाही, हेही सांगून टाकते. नाहीतर तुलाच संशय येईल की पत्र दुसऱ्या कुणी लिहिलंय.

रविवारी मतदान आहे. लहानपणी बाबांच्या मागे त्या रांगेत तू माझा हात धरून उभा राहायचास, मी हरवेन म्हणून. पुढे मला मताचा हक्क मिळाला तरी आपण बरोबरच जात होतो. तुझं मत माझं मत खाऊन टाकायचं, माझं तुझं, आणि येताना आपण हसायचो. गेल्या खेपेला मी एकटी गेले आणि रांगेत सारखी मागे बघत राहिले. वहिनी सांगत होती, तुला पायरी अजून नीट दिसत नाही, कुणीतरी हात धरायला लागतं. रविवारी तेवढं काम मला दे. मी आठ वाजता तुमच्या दारात उभी असेन.

तुझीच,
भुणभुण