भुलीच्या माथी मारलेल्या खोड्या

प्रति,
मा. अध्यक्षा,
शालेय मूल्यमापन समिती,
बेलोवोदा, बल्गेरिया.

अर्जदार: इस्क्रा दोब्रेवा, पावभट्टीची मालकीण, मु. चेरेशोवो.

विषय: माझी मुलगी कु. नेवेना हिला निवासी विशेष वर्गात पाठवण्याचा निर्णय रद्द करणे, तसेच तिच्या प्रत्येक खोडीला भूल जबाबदार धरणे बंद करणे.

संदर्भ: समितीचे गेल्या आठवड्याचे पत्र (ज्यावर शिक्का उलटा उमटला आहे).

महोदया,

१) आपले पत्र मी भट्टीसमोर उभ्याउभ्याच वाचले. त्या नादात पावाची एक खेप करपली, तिची भरपाई मी मागत नाही. पत्रात असे नमूद आहे की, नेवेनाला वयाच्या पहिल्या दोन वर्षांत तीनदा पूर्ण भूल दिली गेल्याने तिच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम झाल्याचे "दिसून येते". ती उतावळी, हट्टी व सूचना न ऐकणारी आहे. सबब तिला सप्टेंबरपासून गावच्या पहिलीत न घेता बेलोवोद्याच्या निवासी वर्गात सोमवार ते शुक्रवार ठेवावे. म्हणजे साडेसहा वर्षांचे माझे लेकरू आठवड्यातले पाच दिवस परक्या खाटेवर झोपणार. हे वाचून माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते अर्जात लिहिण्याजोगे नाहीत. पाव घ्यायला आलेल्या फादर मेतोदी यांनी ते ऐकले आहेत व ते हवे तर साक्ष देतील, पण शब्द उच्चारणार नाहीत असे त्यांनी आधीच कळवले आहे.

२) भूल आम्ही हौसेने दिली नव्हती. नेवेनाच्या हृदयाला जन्मतः भोक होते. सोफियाला एकदा नळी घालून तपासणी झाली, एकदा छाती उघडून भोक बुजवले, आणि टाका सुटल्याने पुन्हा एकदा उघडावी लागली. आपल्या छापील अर्जात "पूर्वीचे आजार" असा रकाना होता, मी खरे ते लिहिले. आपल्या मानसतज्ज्ञांनी, श्री. प्लामेन यांनी, मुलीचे तोंड पाहण्याआधी तो रकाना पाहिला आणि सुतावरून स्वर्ग गाठला.

३) आता समितीने नेवेनाची परीक्षा घेतली त्या दिवसाबद्दल. मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा आपल्याकडे प्रोश्टापुलनिक करतात, हे आपण जाणताच. श्री. प्लामेन राजधानीत वाढलेले असल्याने त्यांना ठाऊक नसावे, म्हणून लिहिते. मधाचा गोल पाव जमिनीवर घरंगळत सोडायचा, समोर मेजावर कात्री, पुस्तक, किल्ली, पेन असे काहीबाही मांडायचे, मुलाने धावत जाऊन एक वस्तू उचलायची. जे उचलेल तो त्याचा पुढचा धंदा. मग सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. पंचक्रोशीतले हे पाव माझ्याच भट्टीतून जातात आणि ते पोहोचवायला नेवेना माझ्याबरोबर येते. असल्या टाळ्या तिने शेकडो पोरांसाठी वाजवल्या आहेत. तिचा स्वतःचा प्रोश्टापुलनिक मात्र झालेला नाही. तिने पहिले पाऊल टाकले ते दवाखान्याच्या बोळात, सलाइनचा खांब धरून. तिथे पाव कसला आणि मेज कसले. "माझा कधी?" असे ती दर वेळी विचारते आणि "होईल गं" असे मी दर वेळी सांगते.

अशा मुलीला श्री. प्लामेन यांनी दार उघडून आत घेतले. समोर मेज. मेजावर कात्री, पुस्तक, किल्ली, पेन, चेंडू. त्यांना म्हणे या वस्तूंचे गट करून हवे होते. त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत नेवेना सुसाट सुटली, आणि यातले काहीएक न घेता, खुद्द अध्यक्षांच्या, म्हणजे आपल्या, कोपराजवळचा समितीचा गोल शिक्का उचलून अंगणात पळाली. चौकीदार मागे धावला, त्याच्या हाती ती लागली नाही. अक्रोडाच्या झाडाखाली शिक्का डोक्यावर धरून ती टाळ्यांची वाट पाहत उभी राहिली. आपल्यापैकी एकानेही टाळी वाजवली नाही. अहवालात याची नोंद "आवेगावर ताबा नाही, चोरीची प्रवृत्ती" अशी झाली. परतीच्या बसमध्ये ती मला काय म्हणाली त्याची नोंद मात्र कुठेच नाही, म्हणून येथे करते: "आई, झाला एकदाचा माझा पण." गावकऱ्यांच्या मते ती आता मोठी अधिकारी होणार. मला त्यात आनंद मानायला थोडा वेळ लागेल.

४) मी नेवेनाला घेऊन सोफियाला गेले. तिला तिन्ही वेळा भूल देणाऱ्या भूलतज्ज्ञ डॉ. हाजिएवा यांना आपले पत्र वाचून दाखवले. त्यांचे लेखी मत सोबत जोडले आहे. एकदाच, थोड्या वेळासाठी भूल घेतलेल्या मुलांच्या बुद्धीत फरक आढळलेला नाही. अनेकदा, किंवा फार वेळ भूल घेतलेल्या काही मुलांच्या वागण्यात थोडाफार फरक आढळला आहे. पण तो भुलीचा, मुळातल्या आजाराचा की दवाखान्यात काढलेल्या दिवसांचा, हे वेगळे काढता येत नाही. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "एका मुलीकडे बोट दाखवून 'ही भुलीमुळे अशी' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. भेटला तर माझ्याकडे पाठव." तरी श्री. प्लामेन यांना पाठवण्याची व्यवस्था व्हावी. येण्याजाण्याचे भाडे मी देईन, जेवण त्यांनी आपले आपण पाहावे.

५) आपल्या पत्रामुळे माझ्या घरात जे चालले आहे तेही निदर्शनास आणते. माझे यजमान रादोस्तिन यांचे पाचव्या वर्षी हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. ते आता जेवणानंतर ताट उचलत नाहीत. आपल्या मेंदूत ती वाढच झाली नाही असे सांगतात. हट्टाविषयी म्हणाल तर माझ्या सासूबाई पेन्का यांनी जन्मात दवाखान्याची पायरी चढलेली नाही. दात उपटला तोही दोरा बांधून दाराला. त्या एका कोंबडीवरून शेजारणीशी बोलायच्या बंद झाल्या, कोंबडी कधीच मेली, शेजारीणही गेली, तरी त्या तिच्या थडग्यावरून तोंड फिरवून जातात. खाण तशी माती, महोदया. खुद्द नेवेनाने परवा भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी फोडली आणि गंभीरपणे म्हणाली, "मी नाही गं, भुलीने फोडली." जी मुलगी समितीचे पत्र एकदा कानावर पडताच ते स्वतःच्या बचावाला वापरते, तिच्या मेंदूची काळजी करावी की समितीच्या पत्राची, हे आपणच ठरवावे.

६) इथवर मी जोरात लिहिले. आता खरे लिहिते. शंका मलाही येते. ती जेवताना दोन घास एका जागी बसत नाही, तेव्हा येते. झोपेतून दचकून ओरडते, तेव्हा येते. तिसऱ्या वेळी तिला आत नेले तेव्हा तिला समज आली होती. तिने माझी कॉलर मुठीत धरली होती, नर्सने एकेक बोट सोडवले. दर वेळी मला सांगितले, पापा घ्या आणि बाहेर थांबा. बाहेर आली ती हीच, की तिच्यातले काही आत राहिले, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. आपल्यालाही माहीत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे शिक्का आहे.

७) म्हणून विनंती अशी. भुलीचा उल्लेख कागदातून काढू नये, पुरा लिहावा. तीनदा भूल दिली, त्याचा परिणाम म्हणून मुलगी जिवंत आहे, असे लिहावे. ती उतावळी आहे हेही खुशाल लिहावे, मला उतावळी चालते. तिला गावच्या पहिलीत बसू द्यावे, आणि तिच्या वर्गशिक्षिकेला तिचा त्रास झाला तर मी रोज दुपारी भट्टी बंद करून वर्गाबाहेर बसायला तयार आहे.

८) हे मान्य होणार नसेल, तर एका बाबीचा खुलासा हवा. टाके निघाले त्या दिवसापासून मी रोज रात्री उठून तिच्या नाकासमोर हात धरते, हाताला श्वास जाणवतो का बघायला. गरज नाही, असे सगळे डॉक्टर सांगतात. तरी उठते. निवासी वर्गात सोमवार ते शुक्रवार हे काम कोणता कर्मचारी करणार, त्याचे नाव व हुद्दा लेखी कळवावा.

आपली, अजून तरी नम्र,

इस्क्रा दोब्रेवा
(नेवेनाची आई)

चेरेशोवो, १९ मे