अकरा नंबरचा अमुक तमुक

३ ऑक्टोबर २०११, सोमवार

चारशे सोळापर्यंत आले आणि अडले!

पुढच्या वर्षी आमच्या रग्बी क्लबची शंभरी. स्केलरिगची जर्सी घालून जो एक तरी सामना खेळला, त्याला पहिल्या सामन्याच्या क्रमाने एक नंबर, आणि नाव क्लबच्या भिंतीवर कायमचं. यादीचं काम माझ्या गळ्यात. तीस वर्षं त्यांच्या जर्सी धुतल्या म्हणून असेल.

चारशे सतरावा आहे ४ मार्च १९६१ चा. क्रॉसबेक क्लबविरुद्ध जिल्हा कपचा अंतिम सामना — आपण शंभर वर्षांत जिंकलेला एकुलता एक कप! त्या दिवशीच्या सामन्याच्या पत्रकात अकरा नंबरच्या जर्सीपुढे छापलंय, ‘अमुक तमुक’. तेव्हा रीतच होती ती. पंधराजणांची रग्बी खेळणारा पोरगा आमच्या तेराजणांच्या रग्बीत एकदा जरी दिसला, तर तिकडची दारं जन्मभर बंद. म्हणून नाव छापायचं नाही.

आता पंचाईत अशी की गावात तिघंजण छातीठोकपणे सांगतात, तो अमुक तमुक मीच. ह्युई टायसन, विल्फ पोस्टलथ्वेट आणि आमचा जॉस. जॉसची कथा मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. सत्तेचाळीस वर्षं!

५ ऑक्टोबर

जॉसने स्वतःहून चहा करून आणला. दाल में काला!

“चारशे सतरापुढे अजून कोरंच?”

“पुरावा आण.”

“हा घे!” म्हणाला आणि खोटा दात काढून टेबलावर ठेवला. माझ्या बिस्किटाला लागून! त्या सामन्यात पडला म्हणे खरा. हसू आवरेना, पण यादीत काही लिहिलं नाही. नवरा म्हणून नंबर दिला असं कुणी म्हणायला नको. तो मात्र जाताना हळूच म्हणाला, “भिंतीवर नाव बघून मरायचंय गं मला.” हे तो थट्टेत म्हणाला नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

आज घरच्या मैदानावर जिंकलो! घसा बसलाय. तिन्ही म्हातारे नेहमीसारखे एका बाकावर, एका थर्मासमधला चहा पीत, एकमेकांना थापाडे म्हणत.

ह्युईने मला फाटका कान दाखवला. “हा बघ, त्या दिवशीचा.”

विल्फने भुवईवरची खूण दाखवली. “त्याचा कान बायकोने उपटलाय, नोरा. ही खरी खूण.”

“आणि जॉसचा दात टॉफीने गेला,” ह्युई म्हणाला. मग तिघंही खोखो हसले. एवढं भांडतात, पण एक आला नाही तर बाकीच्या दोघांना करमत नाही.

११ ऑक्टोबर

वाचनालयात सामन्यानंतरच्या सोमवारचं वर्तमानपत्र सापडलं. उतरवून ठेवते — ‘अकरा नंबरचा ठेंगण्या बांध्याचा नवखा पंचविसाव्या मिनिटाला दात पडून बाहेर गेला, तो पाचच मिनिटांत ताजातवाना होऊन परतला. मध्यंतरानंतर कान फाटून पुन्हा बाहेर, आणि पुन्हा हजर! अखेर भुवईतून रक्त वाहत असताना या लांब टांगांच्या वीराने रेषेपलीकडे चेंडू टेकवून कप आणला.’

दात. कान. भुवई. आणि ठेंगण्या माणसाच्या टांगा दीड तासात लांब! चिखलाने तोंडं माखलेली, ओळखणार कोण? मी एवढ्या मोठ्याने हसले की ग्रंथपाल बाई उठून आल्या.

मग हसू विरलं. १९६१ मध्ये बदली खेळाडू घ्यायला परवानगीच नव्हती. माणूस जायबंदी झाला तर बाराजणांनी खेळायचं. तो कप लबाडीचा आहे.

१२ ऑक्टोबर

जॉसपुढे उतारा ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. मग सगळं सांगितलं. तेव्हाचे प्रशिक्षक बर्केट — गेले बिचारे — यांनी तिघांना वेगवेगळं लपवून ठेवलं होतं. बॉयलरच्या खोलीत, मोटारीत, कोळशाच्या ट्रकमध्ये! एकाची जर्सी काढायची, तशीच ओली दुसऱ्याच्या अंगात. “तोंड उघडलंस तर कप जाईल,” अशी प्रत्येकाला तंबी.

“म्हणजे ते दोघं खरं बोलतात हे तुला माहीत होतं?”

“माहीत कसं नाही? पण कप टिकायचा तर एकाच माणसाने पूर्ण सामना खेळला असं दिसायला पाहिजे ना! म्हणून मी त्यांना थापाडे म्हणतो, ते मला म्हणतात. पन्नास वर्षं चाललंय.”

काय म्हणावं या माणसांना!

१४ ऑक्टोबर

तिघांना जेवायला बोलावलं. मटण-बटाट्याची हंडी, वर लाल कोबी. सगळं पुसून खाल्लं आणि मग तिघांनी एकमताने सांगितलं, नंबर कोरा ठेव. “भिंत कशाला, आमची नावं आम्हाला पाठ आहेत,” विल्फ म्हणाला. जॉस ताटात बघत म्हणाला, “कप गावाचा आहे नोरा. राहू दे.”

भांडी घासताना रडले. आनंदाने की कशाने, कळलं नाही. फार आवडला मला तो आज.

१५ ऑक्टोबर

कोरं ठेवणार नाही. खोटंही लिहिणार नाही.

१७ ऑक्टोबर

अध्यक्ष आयव्हरला सगळं सांगून टाकलं. तो पांढराफटक पडला, मग म्हणाला, “कप परत द्यायचाच तर चकचकीत करून देऊ.” कप काढून दोघांनी घासला. क्रॉसबेकच्या चिटणीस बाईंना पत्र लिहिलं — लबाडी झाली, कप परत न्या, पण या तिघांची नावं मला भिंतीवर लावू द्या. पत्र पेटीत टाकून आले. जॉसला सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

उत्तर आलं! “नोराबाई, हात जोडते, गप्प बसा. त्या दिवशी आमचा आठ नंबर म्हणजे जुळे भाऊ होते. अर्धा अर्धा सामना. दोघंही हयात आहेत आणि दोघांनाही आमच्या यादीत नंबर हवाय. जिंकलात तुम्ही, कप ठेवा.”

४१७ जॉस टिनियन. ४१८ ह्युई टायसन. ४१९ विल्फ पोस्टलथ्वेट. शाईने लिहिलं.