गिलक्याचा कंदील

अशोकदादा,

'प्रिय' लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. समजून घे. नाही घेतलंस तरी आता माझं काय बिघडणार आहे?

काल संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाचे चौघे घरी आले होते. चहा घेतला, तुझ्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. मग पाटीलकाका म्हणाले, "सुमनताई, यंदा दिवाळीला चौकात अशोकभाऊंचा कंदील लावायचा. मोठा, माणसाएवढा. खाली पाटी, 'कै. अशोकभाऊंची कला'. आणि तो तुम्हीच करून द्यायचा. भाऊंच्या हाताखाली शिकलात तुम्ही, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

भाऊंच्या हाताखाली! ऐकतोयस ना? मी कप तसाच ठेवून आत निघून गेले. आमच्या ह्यांना वाटलं, मला रडू येतंय. रडू नव्हतं येत, दादा. अंगाचा नुसता भडका उडाला होता. त्यानंतर आज दिवसभरात जे झालं ते तुला कळायलाच पाहिजे, म्हणून साडीला खडे लावायचं काम बाजूला सारून लिहायला बसलेय.

श्रावणात तू गेलास. छातीत दुखतंय म्हणून रिक्षात बसलास तो परत आलाच नाहीस. मला सुतक तीन दिवसांचं. लग्न झालेली बहीण, परक्या घरची! चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि कामाला बसले. वहिनीच्या घरी वर्षभर सण नाही, दारात कंदील नाही. माझ्या दारात मात्र चालतो, कारण मी त्या घरची नाही. मग कंदील कोणाचा हे ठरवायची वेळ आली की मी एकदम त्या घरची कशी होते रे?

तुला तरी आठवतं का तो कसा झाला? इथे सुरतेत, नवागामच्या आपल्या खोलीवर आईने पत्र्यावर गिलक्याचा वेल चढवला होता, पाटीलकाका ज्याला घोसाळं म्हणतात तोच. अगदी वरची गिलकी हाताला लागायची नाहीत, ती तिथेच जून होऊन वाळली. एक मी काठीने पाडलं. अंग घासायला होईल म्हणून साल सोलली, बिया झाडल्या आणि सहज बल्बपुढे धरलं. भिंतीवर सगळी जाळी उतरली. मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात तू कापडाच्या लूमच्या खात्यातून आलास. दिवसभर त्या खडखडाटात राहून तू घरातही ओरडूनच बोलायचास. "काय करी राहिनी?" म्हणालास. मी म्हटलं, कंदील. तू हसत सुटलास. "गिलकास्नी भाजी करतस, कंदील नही."

पहिला कंदील माझा फसलाच. दोरे एका ओळीत, सारख्या अंतराने गुंडाळले आणि झाली मच्छरदाणी. मग ते गिलकं चिरून नीट पाहिलं. बाहेरचे तंतू आडवे, गोल फिरलेले. आतले उभे. एकही दुसऱ्यासारखा नाही, कुठे दाट, कुठे विरळ. आडवं कापलं तर पोटात तीन पोकळ्या. मग लांबट फुगा फुगवला, खळीत बुडवलेला दोरा आधी उभा घेतला, मग आडवा, आणि जिकडे वाकडा जाईल तिकडे जाऊ दिला. वाळल्यावर फुगा फोडला. पोटात टिशूच्या साडीच्या चिंध्यांचे पडदे शिवून तीन कप्पे केले, मधे बल्ब सोडला. त्या दिवाळीला लोक गल्लीत थांबून वर बघत होते. आईने माझी दृष्ट काढली होती, तुझी नाही.

खोटं नाही बोलणार, दोरा तू आणलास. खात्यातला गुंता झालेला, फेकायचा दोरा तू पिशव्या भरभरून आणायचास. आणि पुढे दुकानादुकानांतून कंदील तूच फिरवलास. मला ते जमलं नसतं. शेठ लोकांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. तेवढं तुझं, ते मी कधीच नाकारलं नाही.

पण त्याचं नाव का बदललंस? गिलक्याचा कंदील म्हटलं तर लोक भाजीवाले समजतील, म्हणून तू त्याला 'मधपुडा' करून टाकलंस. मधमाशांच्या पोळ्यावरून सुचलं म्हणे तुला! पोळ्याची घरं सहा कोनांची असतात, सगळी एकसारखी. माझ्या कंदिलात एक तरी तसं घर दाखव. मी म्हटलंही तुला, दादा, हे पोळं नाही. "कोण मोजतंय," म्हणालास. खरंच कोणी मोजलं नाही.

घरात आपण अहिराणीतच बोलायचो. "हाऊ आपला कंदील शे," तू सगळ्या पाहुण्यांना सांगायचास आणि मला तेवढ्यानेच बरं वाटायचं. मग एका वर्षी माल पोचवायला हात कमी पडले म्हणून मला भेस्तानच्या दुकानात नेलंस. शेठने कंदील फिरवून फिरवून पाहिला आणि कोणी बनवला विचारलं. मी तुझ्या मागेच होते, दोन्ही हातांत कंदील धरून. तू म्हणालास, "आ डिझाइन मारी छे, शेठ." त्याने माझ्याकडे बोट केलं. तू म्हणालास, "मारी बेन छे. मदद करे छे."

मला गुजराती कळत नाही असं वाटलं का तुला? सुरतेत जन्मले रे मी. अहिराणीत कंदील आपला आणि गुजरातीत तुझा! रिक्षात बसल्यावर परत तुझी अहिराणी सुरू झाली, "आपला कंदील शेठले आवडना." शेठला आवडला तो 'आपला'! मी रस्त्याकडे बघत बसले. वाटलं, भाऊ आहे, आज ना उद्या स्वतःच बोलेल. मी वाट बघत राहिले आणि तू रिक्षात बसून निघून गेलास.

आणि भाऊबीजेचं काय सांगू? तुला ओवाळलं की तू ताटात काय ठेवायचास? मधपुडा! उरलासुरला नाही हं, चांगला निवडून, रंगीत कागदात बांधून आणायचास. माझ्या हातांनी केलेला कंदील मलाच ओवाळणी. वहिनी म्हणायची, "बघा ताई, किती जीव आहे यांचा तुमच्यावर." मी हसून घ्यायचे. जीव होताच तुझा, तेच तर छळतं मला. नुसता लबाड असतास तर कधीच तुझं नाव टाकलं असतं.

आज सकाळी वहिनी आली होती. मी मंडळाला हो म्हटलं नाही हे तिच्या कानावर गेलं होतं. बसली आणि पदराचं टोक पिळत म्हणाली, "सुमनताई, द्या ना करून. पोरं येता-जाता बापाचं नाव वाचतील. मला आता दुसरं काय उरलंय?"

मी म्हटलं, "वहिनी, तो कंदील त्याचा नाहीच."

मला वाटलं, चिडेल. ती खाली बघत म्हणाली, "माहीत आहे मला. लग्न झाल्या झाल्याच सांगितलं होतं यांनी."

"काय सांगितलं होतं?"

"कंदील तुम्ही काढला म्हणून. मी म्हटलं, मग दुकानात त्यांचंच नाव सांगा की. तर म्हणाले, 'सुमननं काय, ते आपलंच शे.'"

म्हणजे तू विसरला नव्हतास. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की सांगून सांगून तुला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असेल. तुला सगळं ठाऊक होतं. चार लोकांत बोललास ते ठाऊक असून बोललास आणि रात्री नीट झोपलास. बहिणीचं ते आपलंच, मग भावाचं ते बहिणीचं का नाही रे? तुझ्या त्या मोठ्या नावातलं थोडं मला दिलं असतंस तर तू कमी होणार होतास का?

दुपारी मी पाटीलकाकांकडे गेले. वहिनीला बरोबर घेतलं, तिच्या पाठीमागे काही बोलायचं नव्हतं मला. काकांना म्हटलं, कंदील करते, पण पाटीवर असं लिहायचं: 'गिलक्याचा कंदील. केला सुमनने, गावभर नेला अशोकने.'

काका म्हणाले, "ताई, गेलेल्या माणसाचं असं उणं काढू नये. आणि भावाशी कसली बरोबरी करता?"

"उणं कुठे काढलं?" मी म्हटलं. "त्याचं जेवढं आहे तेवढं लिहिलंय."

"मग राहू द्या," काका म्हणाले. "बाजारातून तयार आणू. पाटी आहे तीच राहील."

म्हणजे आता चौकात कुठला तरी प्लास्टिकचा कंदील लटकणार आणि त्याच्याखाली 'अशोकभाऊंची कला'. तुलासुद्धा ते बघवलं नसतं. येताना वहिनी चौकापर्यंत माझ्याबरोबर होती, मग मागे न बघता आपल्या गल्लीत वळली. मघापासून दोनदा फोन केला, उचलत नाही. हे म्हणाले, "एक पाटीच तर होती, सोडायची होतीस." सोडतच आले होते की आजवर. यावेळी नाही सुटलं माझ्याच्याने.

तर आता ऐक. माझ्या दारात यंदा गिलक्याचा कंदील लागेल, आणि कोणी विचारलं तर ज्या भाषेत विचारेल त्या भाषेत मी माझं नाव सांगेन. वहिनीच्या घरी फराळाचा डबा मी नेणार. दार उघडलं नाही तर उंबऱ्यावर ठेवून येईन, दुसऱ्या दिवशी परत जाईन. तुझ्या पोरांना दोरा धरायला शिकवीन, तिने पाठवलं तर. कंदील कोणाचा हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगेन, आणि तो दुकानादुकानांत कोणी पोचवला हेही सांगेन.

भाऊबीजेचं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तूही आता तसंच करायचं. करीन. ओवाळीन चंद्राला. भांडण मात्र मी मरेपर्यंत तुझ्याशीच करणार, ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाऊ देणार नाही. एवढा शब्द देते तुला.

तुझी बहीण,
सुमन