शेवटच्यानं मालवायचा दिवा

प्रिय ट्रॅव्हिस,

पॅरोल मंडळाचा कागद तुझ्या हातात पडण्याआधी हे पत्र पोचावं, म्हणून कामावरून आल्या आल्या लिहायला बसलोय. कागदावर फक्त निकाल असेल. सुनावणीच्या खोलीत काय झालं ते त्यात कोणी लिहिणार नाही, आणि फोनवर मला ते सांगता आलं नसतं.

तुझ्या कोठडीतल्या अर्लनं पढवलं होतं तसंच मी सगळं केलं. आठवतं ना, तुझ्या हातातला फोन ओढून घेऊन तो म्हणाला होता, "कोल्बी, पोरा, पॅरोल मंडळात माणसं बसत नाहीत, धंदे बसतात. जो धंदा समोर येईल त्याला उत्तर दे." अध्यक्ष स्टॉडर्ड जन्मभर शेरीफ होते, म्हणून त्यांना प्रत्येक वाक्यात 'सर'. मिसेस पेल्टन शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणून लेखी निवेदनात एकही चूक नको. तिसरे तुरुंगातले पाद्री. "त्यांच्यापुढे देवाचं नाव तू आधी काढू नकोस, ऐकून ऐकून विटलेत बिचारे." चौथे लॅथ्रप नवीनच आलेले. पूर्वी दूरच्या कुठल्याशा गावात ते मेलेल्यांना न्हाऊमाखू घालून पुरायचा व्यवसाय करायचे. त्यांना काय सांगू, म्हणून विचारलं तर अर्ल हसत सुटला. "त्याला कसली उत्तरं देतोस? त्याचं एक तरी गिऱ्हाईक कधी बोललंय का!" मागून तूही हसलास. तुझं हसणं मी किती दिवसांनी ऐकलं.

तुझी मुलाखत आधीच झाली होती, त्यामुळे खोलीत तुझ्या बाजूनं मी एकटाच होतो. बाबांचा कोट घातला होता, खांद्यात मला थोडा मोठा होतो. स्टॉडर्डनी विचारलं, घरात बंदूक आहे का. म्हटलं, "नाही सर, बाबांची होती ती व्हर्नाआत्यानं नेली, सर." मिसेस पेल्टननी निवेदन चष्म्याखालून वाचलं आणि म्हणाल्या, "दहावीतच शाळा सोडलीस, तरी 'पुनर्वसन' बरोबर लिहिलंयस." तो शब्द मी शब्दकोशात दोनदा पाहिला होता. पाद्रींनी विचारलं, भावाला माफ केलंस का. तेही उत्तर मी आरशासमोर म्हणून ठेवलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, ट्रॅव्हिस. तुझ्या खोलीला दिलेला निळा रंग अजून वाळत होता आणि माझ्या मनानं तू घरी पोचलाही होतास.

मग लॅथ्रप बोलले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला पुढे वाकावं लागलं. "वडील गेल्यापासून घरातल्या कोणत्या गोष्टीला तू हात लावला नाहीस?"

याचं उत्तर अर्लनं दिलं नव्हतं. माझ्या तोंडून खरं तेच निघालं. म्हटलं, "ओसरीवरचा दिवा. तो मी एकदाही मालवला नाही."

आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको. शेवटी घरात येईल त्यानं दिवा मालवायचा, तोवर तो जळत राहायचा. तू कितीदा उशिरा यायचास आणि अंथरुणातून बाबा ओरडायचे, "कोण, ट्रॅव्हिस? मालव रे!" त्या दिवशी तू दारूच्या दुकानात बसलास तेव्हा ते तुला आणायला पायी निघाले. जाताना मला म्हणाले, "दिवा राहू दे. ट्रॅव्हिस माझ्या मागून येईल, तो मालवेल." तू गाडीची किल्ली दिली नाहीस. ते तुझ्या शेजारी बसले आणि गाडी कालव्यात गेली. तू बाहेर आलास, ते आले नाहीत. तुला तिथूनच नेलं. दिवा तसाच राहिला. बल्ब जायला आला की मी दिवसाउजेडीच नवा लावतो, रात्री दिवा जळायचा थांबायला नको म्हणून.

हे सगळं ऐकून लॅथ्रपनी विचारलं, "आणि वडील येतात?"

नाही म्हणायला हवं होतं. तू असतास तर म्हणाला असतास. मी म्हटलं, "येतात, सर." अंधार पडता पडता ओसरीच्या पायरीवर बूट वाजतात. ओले बूट कसे वाजतात, तसे. मग त्यांची खुर्ची करकरते आणि ते विचारतात, "ट्रॅव्हिस आला का रे?" माझं नाव त्यांनी एकदाही घेतलेलं नाही. मी आतून सांगतो, "अजून नाही, बाबा."

स्टॉडर्डनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "याच्या हवाली भावाला कसं करायचं? याच्याचकडे बघायला कोणीतरी हवं." लॅथ्रप म्हणाले, "अशी घरं मी पुष्कळ पाहिलीत. घरात वाईट काही नाही. पण तुरुंगातून सुटलेल्या माणसानं रोज संध्याकाळी तो प्रश्न ऐकायचा?" शेवटी ठरलं ते असं की दुसरा पत्ता दिला तर तुला सोडायला चौघेही तयार आहेत. आपल्या घराच्या पत्त्यावर कोणीही तयार नाही.

मी बाहेरूनच व्हर्नाआत्याला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा भाऊ गेलाय, कोल्बी. माफीबिफी मला जमायची नाही. पण माझ्या लाँड्रीवरची खोली रिकामी आहे. पाय पुसून वर यायचं, म्हणावं त्याला." मी तो पत्ता दिला. कागदावर तोच असेल. मला तू घरी नको आहेस म्हणून तो दिला, असं वाटून घेऊ नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सुटलेल्या माणसानं तुरुंगाच्या फाटकातून थेट दिलेल्या पत्त्यावर जायचं असतं, वाटेत थांबायची परवानगी नसते. स्टॉडर्ड गाडीत बसत होते तिथे मी त्यांना गाठलं आणि आपल्या घरी थोडा वेळ थांबायची परवानगी मागितली. "कशाला?" म्हणाले. मी सांगितलं, "दिवा मालवायला, सर." ते हसले नाहीत. गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "गस्तीवर असताना जळत्या दिव्यांवरून आम्हाला कळायचं, कोणाच्या घरचं माणूस यायचंय. कधीकधी ते आता येणार नाही, हे मला माहीत असायचं आणि दार मलाच वाजवावं लागायचं." मग म्हणाले, "थांबू दे त्याला. मी सांगून ठेवतो." तेव्हा आत्याकडे जाण्याआधी ये. राहू नकोस, बसूही नकोस. फक्त माझ्या मागून आत ये. अंधार पडता पडता ते विचारतील, आणि मला त्यांना एकदा तरी म्हणायचंय, "आला, बाबा." त्यानंतर दिवा तू मालव.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच
कोल्बी